दिलं आणि ठेवायला दिलं

कोर्टाचं पत्र शाळेत आलं तेव्हा मी चौथीच्या मुलांना भागाकार शिकवत होते. मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं आणि कागद पुढं सरकवला. अंबडच्या दिवाणी न्यायालयात एका दाव्यातल्या वादी बाईला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, लिहिता-वाचताही येत नाही. तिची साक्ष खुणांवरून नोंदवायची आहे, तरी जाणकार शिक्षक पाठवावा, असा मजकूर होता. आमची शाळा जालन्यातली, कर्णबधिर मुलांची. तिथं शिकवायला लागून मला तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. मुख्याध्यापक म्हणाले, कोर्टाचं काम एका तारखेत संपत नाही, तुम्ही नीट विचार करा. मी विचार करून नाही म्हणावं, असा त्यांचा सूर होता.

मीही नाहीच म्हणणार होते. माझे वडील घनसावंगीकडच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होते. बांधावरून भांडत कुणी त्यांच्याकडं आलं की शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे ते हमखास ऐकवायचे. आईला ते पटायचं नाही. ती चुलीपाशी बसून म्हणायची, शहाण्याला चढायची गरजच पडत न्हाई. ज्याचं गेलंय त्यानं मंग जायचं कुठं? आईचं हे बोलणं मला त्या दिवशी आठवलं असं नाही. माझं मन अडकलं ते पत्रातल्या एका ओळीवर. लिहिता-वाचताही येत नाही. आमच्याकडं सहा-सात वर्षांची मुलं गावागावांतून येतात, आणि जी येत नाहीत ती कुठंतरी म्हशीमागं, कुठंतरी कापसात वाढतात. ही बाई म्हणजे आमच्या शाळेत न आलेली मुलगी होती. मी जाते, असं मी मुख्याध्यापकांना सांगितलं.

तिला मी इथं आक्का म्हणणार आहे, कारण पुढं मी तिला मनातल्या मनात तेच म्हणायला लागले. गाव तिला मुकी म्हणायचं. पंचेचाळीसच्या आसपास वय, उन्हानं रापलेला चेहरा, हिरवं लुगडं. अंतरवाली सराटीच्या पुढं एका गावात ती राहायची. लग्न झालं नव्हतं. वडील होते तोवर ती त्यांच्याबरोबर शेतात राबली. वडील गेल्यावर दोघा भावांनी तिचा अंगठा घेऊन हक्कसोडपत्र केलं. म्हणजे वडिलांच्या शेतातला माझा वाटा मी राजीखुशीनं भावांना सोडला, असा कागद. तो कागद झाल्याचं तिला दोन वर्षांनी कळलं, तेही थोरल्या भावानं शेतात शेड बांधायला घेतलं आणि तिला बांधावरून परत पाठवलं तेव्हा. तिच्या शेजारणीनं, जी लहानपणापासून तिच्यासोबत कापूस वेचत आली होती, तिला एसटीत बसवून अंबडला आणलं. तिथं मोफत कायदेशीर मदतीतून तिला एक तरुण वकील मिळाला. दावा असा उभा राहिला.

भावांचे वकील जुने, अनुभवी होते. आक्काला काही समजत नाही, असं त्यांनी कधीच म्हटलं नाही, कारण तसं म्हणणं म्हणजे स्वतःच कागद खोटा ठरवणं झालं असतं. त्यांचं म्हणणं उलटं होतं. तिला सगळं बराबर कळतं, तिनं समजून-उमजून वाटा सोडला, आता शेजारीण तिला भरीस घालते आहे.

न्यायाधीश बाई तिशीच्या पुढच्या असतील. त्यांचा आवाज इतका हळू की सगळ्या खोलीला गप्प बसावंच लागायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, या बाईंच्या खुणा तुम्हाला कळतात का. मी आक्कासमोर उभी राहिले आणि शाळेतल्या सांकेतिक भाषेत तिला नाव विचारलं, गाव विचारलं, घरी कोण कोण आहे विचारलं. ती माझ्या हातांकडं पाहत राहिली. मग तिनंच काहीतरी विचारलं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. एकवीस वर्षांची माझी नोकरी, आणि त्या बाईपुढं मी पहिलीतल्या मुलासारखी उभी होते.

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, मॅडम, मला कळत नाहीत. आमची भाषा शाळेत शिकवलेली, यांची यांनी घरात आणि शेतात स्वतः तयार केलेली.

भावांचे वकील लगेच उठले. मग या बाईंचा उपयोग काय, असं त्यांनी विचारलं. शेजारणीला खुणा येत होत्या, पण ती स्वतःच साक्षीदार होती, तिला दुभाषी करता येणार नव्हतं. मला वाटलं, संपलं. मी पर्स उचलली सुद्धा.

न्यायाधीश बाईंनी थोडा वेळ समोरच्या कागदावर काही लिहिलं आणि मला विचारलं, "शिकायला तुम्हाला किती दिवस लागतील?"

असा प्रश्न मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी सुचलं ते बोलले. तीन भेटी द्या म्हटलं. त्यांनी तसा आदेश केला. भेटी कोर्टाच्या आवारातच व्हायच्या, एक क्लार्क हजर राहील, दोन्ही वकिलांना बसायची मुभा, शेजारीण नको. केसबद्दल काहीही बोलायचं नाही. फक्त भाषा शिकायची.

त्या तीन भेटी मी विसरणार नाही. रेकॉर्डच्या खोलीलगत एक छोटी खोली होती, खिडकीतून आवार दिसायचं. मी खिडकीतून बोट दाखवायचे, ती खूण करायची, मी वहीत लिहायचे. शेळी म्हणजे हनुवटीखाली बोटं. एसटी म्हणजे दोन्ही हातांनी स्टिअरिंग आणि मग घंटीची दोरी. वडील म्हणजे मिशीला पीळ. थोरला भाऊ म्हणजे डाव्या भुवईवर आडवं बोट, कारण त्याला तिथं खोक पडल्याची खूण होती. मेलेला माणूस म्हणजे मान एका बाजूला टाकून डोळे मिटणं. वर्षं ती कापसावर मोजायची. मुठीतून बोंड उकलल्यासारखी बोटं उघडली की एक वर्ष. दुसऱ्या भेटीत तिनं माझं नाव ठेवलं. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळली, माझ्या बोटांना नेहमी खडू असायचा म्हणून. न्यायाधीश बाईंनाही तिनं नाव दिलं होतं. गळ्याखाली दोन बोटं ओढायची, पांढऱ्या पट्ट्यांसारखी, आणि मग तळहात उंच धरायचा. तिसऱ्या भेटीच्या शेवटी आम्ही दोघी बऱ्यापैकी गप्पा मारत होतो. क्लार्क म्हणाले, बाई, मला बी अर्धं समजून राह्यलंय आता.

पण अर्धं समजणं धोक्याचं असतं, हे मला साक्षीच्या दिवशी कळायचं होतं.

साक्ष सुरू होण्याआधी मी शपथ घेतली. जे सांगितलं जाईल त्याचं खरं भाषांतर करीन, माझ्या मनाचं काही घालणार नाही. तिवईवर कॅमेरा लावला होता, खुणा चित्रित व्हाव्यात म्हणून. स्टेनो बाईंनी पहिल्याच उत्तराला विचारलं, मॅडम, हे लिहायचं कसं? न्यायाधीश बाईंनी पद्धत ठरवून दिली. आधी हात काय करतो ते लिहायचं, मग दुभाषी त्याचा अर्थ काय सांगते ते. त्यामुळं एकेका उत्तराला पाच-पाच मिनिटं लागायची. भिंतीवरचा पंखा, बाहेरचा पुकारा, मागं बसलेल्या लोकांची कुजबुज, कशाचीही घाई न्यायाधीश बाईंना चढली नाही.

आक्कानं तिच्या वकिलाच्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली. शेत कुठं आहे हे विचारल्यावर ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून खाली उतरली आणि फरशीवर चालून दाखवायला लागली. इथं विहीर, इथं बाभूळ, इथून इथवर बांधाचा धुरा, इथं चुलत्यांची हद्द. न्यायाधीश बाई उठून व्यासपीठाच्या कडेला येऊन बघत होत्या. अंगठा कुठं दिला, यावर तिनं सांगितलं की थोरल्या भावानं गव्हाचं पोतं आणि कार्ड अशी खूण केली होती, म्हणजे राशन कार्ड. एका ऑफिसात नेलं, फोटो काढला, अंगठा घेतला.

मग उलटतपासणी सुरू झाली. दुपार उतरत आली होती. भावांच्या वकिलांनी आवाज न चढवता, गोडीनं विचारलं की वडील गेल्यानंतर तुम्ही तुमचं शेत भावाला दिलं, हे खरं आहे का. मी प्रश्न तिला खुणांनी सांगितला. तिनं मान हलवली, शेताची खूण केली, भुवईवर बोट ठेवलं, आणि उजवा हात पसरून पुढं नेला. त्याच क्षणी स्टेनो बाईंनी आधीच्या उत्तरातला एक शब्द मला पुन्हा विचारला. मी खाली पाहिलं. वर पाहिलं तोवर आक्काचे हात मांडीवर होते.

मी सांगितलं, हो, भावाला दिलं.

तसं लिहिलं गेलं. वकील म्हणाले, आज एवढंच, आणि राहिलेले प्रश्न दुसऱ्या दिवसावर गेले. आक्काच्या तरुण वकिलांचा चेहरा पडलेला मला दिसला. मला वाईट वाटलं, तरी मनात हेच होतं की ती जे बोलली ते मी सांगितलं, माझं काम एवढंच.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला अंबडच्या बसस्टँडवर आक्का, तिची शेजारीण आणि मी, आम्ही तिघी आपापल्या गाडीची वाट पाहत होतो. केसबद्दल बोलायचं नाही हे ठरलेलंच होतं, म्हणून आम्ही शेजारी बसून शेंगा खात होतो. आक्काला नळावर जायचं होतं. तिनं आपली पिशवी माझ्याकडं दिली, हात पुढं नेला आणि मग तोच हात परत आणून छातीवर ठेवला. दोनदा थोपटला. मी पिशवी मांडीवर घेतली. ती गेली.

मला कळायला तेवढाच वेळ लागला. हात पुढं जाणं म्हणजे देणं. पुढं जाऊन छातीशी येणं म्हणजे ठेवायला देणं, सांभाळायला देणं. वस्तू माझीच आहे आणि मी ती परत घेणार आहे. दुपारी मी अर्धी खूण पाहिली होती. उरलेली अर्धी मी खाली बघत असताना झाली होती.

ती परत आली तेव्हा मी पिशवी तिला दिली आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. तिला पुन्हा विचारणं म्हणजे तिला पढवणं झालं असतं. शेजारणीनं विचारलं, बाई, तुमचा चेहरा असा का झाला? मी म्हटलं, डोकं दुखतंय.

जालन्याला येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते, पण दिसत काहीच नव्हतं. मस्तगड भागातल्या घरी पोचून मी पतीला सगळं सांगितलं. ते म्हणाले, तू शपथ घेतली होतीस, आता चुकलं म्हणालीस तर ते वकील तुला सोडणार नाहीत. तुला कुणी फितवलं असंच म्हणतील. ते माझ्या काळजीपोटी बोलत होते आणि त्यांचं खोटं नव्हतं. मी मुख्याध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, बाई, शाळेचं नाव आहे त्यात. मी ऐकून घेतलं. दोघांचंही ऐकून घेतलं आणि मग जेवायच्या आधी बसून न्यायाधीशांच्या नावे एकपानी अर्ज लिहिला. चूक माझी होती, आणि ती निस्तरायची जबाबदारी आक्कावर पडणार होती, जिला आपल्या तोंडी काय घातलं गेलंय हे ऐकूसुद्धा येत नव्हतं. हे मनात स्पष्ट झाल्यावर भीती गेली नाही, पण तिचं काही चालेना.

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला मी अर्ज क्लार्कच्या हातात दिला. न्यायाधीश बाईंनी तो दोनदा वाचला आणि दोन्ही वकिलांना दाखवला. व्हायचं तेच झालं. भावांच्या वकिलांनी विचारलं, काल संध्याकाळी तुम्ही वादीसोबत बसस्टँडवर होतात का? मी हो म्हटलं. शेंगा खाल्ल्यात का? हो. तिच्याशी बोललात का? पिशवी घेतली, बोलले नाही. कुणी बघितलं? शेजारणीनं. ते फक्त हसले. शाळेत एकवीस वर्षांत माझ्यावर कुणी संशय घेतला नव्हता.

कालचं चित्रण लावून बघितलं. त्यात आक्काचा हात पुढं जातो आणि परत छातीशी येतो, हे दिसत होतं. वकील म्हणाले, मॅडम, हात पुढं गेला की परत येणारच, प्रत्येकाचा येतो.

न्यायाधीश बाईंनी मला सांगितलं, "बाई, तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसा. मी सांगेपर्यंत वळू नका."

मी बसले. पुढं काय झालं ते मला नंतर कळलं. न्यायाधीश बाईंनी स्वतःची पाण्याची बाटली शिपायाच्या हातात दिली, त्याला तिथंच उभं राहायला लावलं, थोड्या वेळानं परत घेतली. आक्काला हातानंच विचारलं, काय झालं? आक्कानं हात पुढं नेला, परत आणला, छातीवर थोपटला. मग बाईंनी टेबलावरचं एक जुनं पेन शिपायाला दिलं, खिशाला लावायला सांगितलं आणि त्याला बाहेर पाठवून दार लावून घेतलं. काय झालं? आक्कानं हात पुढं नेला आणि मग दोन्ही तळहात एकमेकांवर घासून झटकले, धूळ झटकावी तसे. बाईंनी भावांच्या वकिलांना सांगितलं, तुम्हाला काही करून बघायचं असेल तर बघा. त्यांनी आपली फाईल आपल्या कनिष्ठ वकिलाला दिली, तो चार पावलं गेला, आणि अर्ध्यातून त्यांनी ती परत मागवली. आक्कानं हात छातीवर आणून थोपटला. वकिलांनी आणखी एकदा वेगळ्या रीतीनं केलं. उत्तर चुकलं नाही.

शेवटी मला वळायला सांगितलं. बाईंनी मला झालेल्या खुणांचा अर्थ विचारला, एकेक, फक्त आक्काच्या हातांचं चित्रण दाखवून. मी सांगितला, हे ठेवायला दिलं, हे देऊन टाकलं. मग म्हणाल्या, कालचा प्रश्न पुन्हा विचारा, आणि या वेळी त्यांच्या हातावरून नजर काढू नका, कुणी हाक मारली तरी.

मी विचारला. आक्काला कळलं होतं की या एका गोष्टीवर सगळं अडलेलं आहे. तिनं घाई केली नाही. मिशीला पीळ, मान कलती. नांगर धरल्याची खूण, तो निसटल्यासारखे हात खाली सोडणं, आणि मग एक बोट, म्हणजे मी एकटी. शेताची खूण, भुवईवर बोट. हात पुढं, हात छातीशी, दोनदा थोपटणं. मग तिनं दोन्ही तळहात झटकून दाखवले आणि जोरानं मान हलवली, नाही, आणि शेवटी उघडा पंजा छातीवर दाबून तसाच धरून ठेवला.

मी सांगितलं, "वडील गेले. मला एकटीला नांगर झेपत नव्हता, म्हणून शेत भावाकडं सांभाळायला ठेवलं. देऊन टाकलं नाही. माझं आहे."

स्टेनो बाईंनी लिहून घेतलं. हाताचं वर्णनही सगळं लिहिलं गेलं, झटकण्यासकट. कालचं उत्तर खोडलं नाही. ते तसंच राहिलं आणि त्याखाली माझी चूक, माझा अर्ज आणि आजची परीक्षा क्रमानं नोंदवली गेली. त्याबद्दल मला आधी लाज वाटली. नंतर वाटलं, हेच बरं. वाचणाऱ्याला सगळं दिसू दे.

जेवणाच्या सुट्टीत भावांचे वकील व्हरांड्यात भेटले. म्हणाले, बाई, काल तुम्ही घरी जाऊन गप झोपला असतात तर माझं काम झालं होतं. रागानं म्हणाले नाहीत. मीही रागानं घेतलं नाही.

निकाल सात महिन्यांनी लागला. हक्कसोडपत्र आक्काला न समजावता घेतलेलं आहे, ते तिच्यावर बंधनकारक नाही, तिला तिसरा हिस्सा मिळावा, असा. मी त्या दिवशी शाळेत होते. शेजारणीनं फोन करून सांगितलं. मागून कुणीतरी हसल्याचा, खरं म्हणजे घशातून येणारा एक मोठा आवाज ऐकू आला. तो आक्काचा होता. भावांनी जालन्याला जिल्हा न्यायालयात अपील केलं. ते दोन वर्षं चाललं. अपिलात साक्ष नसते, तिनं यायची काही गरज नव्हती, वकिलानं तसं समजावलंही होतं. तरी ती दर तारखेला यायची, सकाळच्या गाडीनं, भाकरी बांधून. मी मधल्या सुट्टीत जाऊन भेटायचे. तिथल्या बाकावर ती ताठ बसलेली असायची. कशाला येतेस, असं एकदा मी विचारलं, तर तिनं न्यायाधीशांची खूण केली, मग डोळ्यांकडं बोट नेलं. त्यांना मी दिसले पाहिजे. अपील फेटाळलं गेलं. पुढच्या उन्हाळ्यात मोजणी होऊन हद्दीचे दगड रोवले गेले, आणि थोरला भाऊ शेडचे पत्रे काढून घेऊन गेला. धाकटा भाऊ मात्र आता तिच्या वाट्यात नांगर घालून देतो. त्यांच्यात काय ठरलं ते मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही.

न्यायाधीश बाईंची बदली दूर कुठंतरी झाली. आमची पुन्हा भेट नाही. माझ्याकडं मात्र आता पत्रं येतात, कधी कोर्टाची, कधी पोलीस ठाण्याची. पहिल्या वर्षी मुख्याध्यापक रजेवर सही करताना कुरकुरायचे. आता दोन तरुण शिक्षिकांना मी सोबत नेते, म्हणजे माझ्यानंतर हे काम थांबायला नको. गेल्या महिन्यात असंच एक पत्र आलं. एका कारखान्यात अपघात झाला, तो बघणारा कामगार कर्णबधिर आहे, बाहेरच्या राज्यातून आलेला. त्याच्या खुणा मला येत नाहीत. मी कोर्टाला कळवलं आहे की येते, पण आधी शिकायला वेळ द्यावा लागेल.